अख्खा खांदा, घट्ट झाकण, तीन तास : ओव्हनमधला मटणाचा पॉट रोस्ट

"तुकडं ब्याड्री?" मटणवाल्या भाईंनी सुरी वर धरूनच दुसऱ्यांदा विचारलं. सव्वा किलो मटण घेणारी बाई तुकडे नकोत म्हणते, हे त्यांना पटत नव्हतं. मी म्हटलं, "नको भाई, खांदा अख्खाच द्या. मधला सांधा तेवढा फोडा, म्हणजे पातेल्यात बसेल." मागच्या रांगेतल्या मावशींना राहवलं नाही. "मग काय करुलालीस ग त्याचं?"

"ओव्हनमध्ये ठेवायचं, मावशी."

"केकागत?"

जवळजवळ केकागतच. पॉट रोस्ट हा मूळचा अमेरिकेतला घरगुती रविवारचा पदार्थ. तिथे तो गाईच्या खांद्याच्या मोठ्या तुकड्याचा करतात. आपल्याकडे बोकडाचा किंवा मेंढ्याचा खांदा घ्यायचा, रीत तीच ठेवायची: मोठा तुकडा आधी बाहेरून चांगला लाल भाजायचा, मग थोड्याशा पाण्यात, घट्ट झाकणाखाली, मंद आचेवर तीन तास सोडून द्यायचा. नावात रोस्ट असलं तरी हा खरा वाफेवर मुरवण्याचा प्रकार आहे. गावच्या जत्रेला चुलीवरच्या हंड्यात मटण जसं सावकाश शिजतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे लाकडं मागेपुढे करत बसावं लागत नाही.

आमच्या बेळगावात ओव्हन घरोघरी आला तो अलीकडे. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ मळून पत्र्याच्या डब्यातून बेकरीत न्यायचं आणि तिथे रांगेत बसायचं, हीच ओव्हनशी ओळख. आता ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, आहे, पण बहुतेक घरांत तो वर्षाला दोन केक करून कपाटावर जातो. हा लेख त्या ओटीजीसाठी आहे. ज्यांनी त्यात आजवर केकाशिवाय काही ठेवलं नाही, त्यांच्यासाठी.

मटण कुठलं घ्यायचं

इथेच निम्मा निकाल लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुढच्या पायाचा खांदा घ्या. मागची मांडी दिसायला भरगच्च असते आणि दुकानदारही तीच पुढे करतो, पण ती जास्त कोरडी. खांद्यात स्नायूंच्या मधून चिवट पांढऱ्या शिरा आणि पडदे जातात. रोजच्या रश्श्यात तेच दाताखाली येतात म्हणून आपण नाक मुरडतो. रोस्टात मात्र तेच कामाला येतात. या शिरांमधलं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाच्या सुपाला जो चिकटपणा येतो, तो हाच. मटण मऊ लागतं ते त्या जिलेटिनमुळे. पण त्याला वेळ लागतो, आच वाढवून ते लवकर होत नाही.

वजन सव्वा ते दीड किलो, हाडासकट. चार-पाच माणसांना पुरतं. अगदी कोवळं मटण मागू नका. कोवळ्यात हे चिवट धागे कमी असतात, ते दीड तासात सुटून जातं आणि तीन तासांत त्याचा भुगा होतो. फार थोराड असलं तर चार तास लागतील, पण चव जास्त चांगली येते. मधलं घ्या.

बोकडाचं की मेंढ्याचं? आपल्या भागात दोन्ही मिळतं. चिकोडी, अथणी, गोकाककडे मेंढ्याचंच जास्त, आणि बाजारात कुणी 'कुरी' म्हणालं तर ते मेंढ्याचं समजायचं. मेंढ्याला चरबी जास्त, म्हणून रोस्ट जास्त रसाळ होतो, पण वासही जास्त असतो. बोकडाचं मटण उमदं असतं, पण रुक्ष. मी बोकडाचंच घेते आणि वर शंभर ग्रॅम चरबी मागून घेते. भाई फुकट देतात.

दुकानात तीन गोष्टी सांगायच्या. तुकडे करू नका. सांधा फोडा. आणि वरचा पातळ चिवट पडदा ओढून काढा. हा बाहेरचा पडदा कोलॅजेनसारखा विरघळत नाही, उलट आक्रसून तुकडा वाकडा करतो. शिळ्या मटणाचं सोंग रश्श्यात मसाल्याखाली झाकता येतं, इथे नाही. म्हणून रविवारी सकाळी लवकर जा.

भांडं

परदेशी चित्रांत दिसतं ते रंगीत मुलाम्याचं जड भांडं नसलं तरी चालतं. भांड्याला तीन गोष्टी हव्यात: बूड जाड असावं, झाकण घट्ट बसावं, आणि कुठेही प्लास्टिक किंवा बेकेलाइट नसावं. शेवटची अट मी स्वतः मोडली आहे. पहिल्या वेळी झाकणाची काळी मूठ तशीच आत गेली. पाऊण तासात घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, मूठ एका बाजूला लोंबकळलेली. त्या दिवशी आम्ही आमटी-भात जेवलो.

माझ्याकडे दोन कानांचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आहे, त्यावर जाड स्टीलचंच सपाट झाकण. झाकण सैल असेल तर कणकेची सुतळीएवढी वळी करून कडेने लिंपा, बिर्याणीला दम देतात तशी. नाहीतर पातेल्यावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर घट्ट आवळून त्यावर झाकण ठेवा.

बिडाची कढई असेल तर मटण भाजायला तिच्यासारखी दुसरी नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या गावात बिडाचं कौतुक मी वेगळं सांगायला नको. पण तीन तासांचं शिजवणं मुलामा नसलेल्या बिडात करायचं असेल तर टोमॅटो आणि व्हिनेगर आत घालू नका. आंबट आणि लोखंड इतका वेळ एकत्र राहिलं की रस काळा पडतो आणि जिभेला लोखंडाची चव लागते. बिडात भाजा, स्टीलमध्ये शिजवा.

मातीचं भांडं वापरायची हौस असेल, खानापूरकडच्या मातीकामाच्या परंपरेमुळे ती इथे असतेच, तर ते थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन सुरू करा. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड माती ठेवली तर तडा जातो.

आणि विकत घेण्याआधी मोजा. ओटीजीच्या आतली उंची तळाच्या जाळीपासून वरच्या तापणाऱ्या कांडीपर्यंत मोजायची, मग झाकणासकट पातेल्याची. तीस लिटरच्या खालच्या ओटीजीत सव्वा किलोचा अख्खा खांदा बसवणं अवघड जातं. तसं असेल तर खांदा सांध्यातून दोन करा. त्याहून लहान नको.

ओव्हन आणि करंट

ओटीजी साधारण १५०० ते २००० वॉटचा असतो. तो १६ अँपिअरच्या मोठ्या पॉवर प्लगवरच लावा, मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर नको. तीन तास म्हटल्यावर घरातल्यांचा पहिला प्रश्न बिलाचा असतो. थर्मोस्टॅटमुळे कांडी सतत पेटलेली नसते, मधूनमधून बंद होते. त्यामुळे सगळं मिळून दोन-अडीच युनिट जातात.

कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह असेल तर तोही चालेल, पण फक्त कन्व्हेक्शनवर. स्टीलचं पातेलं आत असताना चुकूनही मायक्रो बटण दाबायचं नाही.

करंट जायचा तर तो नेमका अशा दिवशी जातो. गेला तर ओव्हनचं दार उघडू नका. जड पातेलं आणि तापलेला ओव्हन अर्धा तास सहज तग धरतात, मटण आत आपलं काम करत राहतं. त्याहून जास्त वेळ गेला तर पातेलं गॅसवर घ्या, खाली जाड तवा ठेवा, ज्योत सगळ्यात बारीक. मी एकदा अर्धा रोस्ट असाच पुरा केला आणि खाणाऱ्याला कळलंही नाही.

साहित्य

हाडासकट खांदा सव्वा किलो. मोठे कांदे तीन. लसणीची एक अख्खी गड्डी. बोटभर आलं. गाजरं तीन-चार. लहान बटाटे सात-आठ, सालासकट. एक पिकलेला टोमॅटो. ब्याडगी मिरच्या तीन आणि तिखट हवं असेल तर संकेश्वरी एक. काळी मिरी पंधरा दाणे, लवंगा तीन, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, तमालपत्र दोन. मीठ अडीच चहाचे चमचे. तेल तीन मोठे चमचे आणि ती चरबी. व्हिनेगर एक मोठा चमचा. चोर्ला घाटातून गोव्याला येणं-जाणं असेल तर तिथलं माडाचं व्हिनेगर आणून ठेवा, त्याची चव गोलसर असते.

बस. धणे-जिरे नाही, खोबरं नाही, गरम मसाला नाही, कांदा-लसूण मसाला तर अजिबात नाही. सासूबाईंनी पहिल्या वेळी पातेल्यात डोकावून विचारलं होतं, "ह्याला मसाला कुठाय?" मी म्हटलं, आई, नाहीच आहे. त्यांनी काही न बोलता फोडणीच्या डब्याकडे पाहिलं. मसाला वाईट असं नाही, पण इथे मटण आणि कांदा यांचाच रस खायचा आहे. मसाल्याचं मटण आपण उरलेले एकावन्न रविवार खातोच की.

आदल्या रात्री

मटण धुऊन निथळून कापडाने कोरडं करा. सगळ्या बाजूंनी मीठ चोळा, सांध्याच्या फटीतही. ताटात ठेवून वर काही न झाकता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. रात्रभरात मीठ आत जातं आणि वरचा भाग कोरडा होतो. हा कोरडेपणा दुसऱ्या दिवशी भाजताना कामाला येतो. शनिवारी फ्रिजमध्ये मटण चालत नसेल, आमच्याकडेही चालत नाही, तर रविवारी सकाळी आणल्याबरोबर मीठ लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि भाजण्याआधी पुन्हा कोरडं करा. फरक पडतो, पण सोसण्यासारखा.

लाल भाजणं

ओव्हन १५० अंशांवर सुरू करून ठेवा, वर आणि खाली दोन्ही कांड्या. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत.

गॅसवर बिडाची कढई किंवा तेच पातेलं चांगलं तापवा. तेल घाला, तेल लाटा मारायला लागलं की मटण ठेवा. आणि मग हात मागे घ्या. नवखा माणूस इथे सारखं हलवत बसतो. चार मिनिटं एका बाजूला, काही न करता. मटण आधी बुडाला चिकटतं, तुम्हाला वाटतं जळलं. जळलेलं नसतं. खालची बाजू नीट तपकिरी झाली की ते आपोआप सुटतं. सुटत नसेल तर अजून झालं नाही, एवढंच. मग बाजू बदला. चारही बाजू आणि कडा मिळून पंधरा-अठरा मिनिटं जातात. धूर होईल, खिडकी उघडा.

रंग किती? शेंगदाणे खमंग भाजल्यावर सालाखाली जो रंग येतो, त्याच्या एक पायरी पुढे. पिवळसर राहिलं तर शिजल्यावर ते पाण्यात उकडल्यासारखं दिसेल आणि लागेलही तसंच. भाजल्याने आतला रस कोंडला जातो असं लोक सांगतात, ते खरं नाही. रस नंतर सुटायचा तेवढा सुटतोच. भाजायचं ते चवीसाठी. साधारण १४० अंशांच्या पुढे मटणातली प्रथिनं आणि साखर मिळून तो खमंग रंग आणि वास तयार करतात. झाकणाखाली, पाण्याच्या वाफेत, तेवढं तापमान पृष्ठभागाला कधी मिळत नाही. म्हणून जे काय लाल व्हायचं ते आत्ताच.

मटण ताटात काढा. कढईत चरबी घाला, ती वितळली की कांद्याचे मोठे तुकडे, एका कांद्याचे चारच. ते कडेने तांबूस झाले की आल्याच्या चकत्या, मिरच्या, मिरी, लवंगा, दालचिनी, तमालपत्र. लसणीची गड्डी सोलायची नाही, आडवी कापून दोन अर्ध्या करा आणि कापलेली बाजू खाली ठेवून मिनिटभर तांबूस होऊ द्या.

आता बुडाशी पाहा. काळपट तपकिरी खरवड धरली असेल. भाजी करताना ही दिसली की आपण भांडं भिजत घालतो. इथे तिच्यातच निम्मी चव आहे. दोन वाट्या, म्हणजे साधारण ३०० मिली, पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने ती खरवडून काढा. पाणी चहासारखं लाल होईल. चमचाभर चाखा. खमंग लागलं तर पुढे चला. कडू लागलं तर खरवड जळली आहे, ते पाणी फेका आणि नुसतं गरम पाणी वापरा. कडवटपणा तीन तासांत कमी होत नाही, पातेलंभर पसरतो.

टोमॅटो चिरून घाला, व्हिनेगर घाला. टोमॅटो एकच. आंबट जास्त झालं की बटाटे-गाजरं शिजता शिजत नाहीत.

ओव्हनात

पातेल्यात तळाला कांदा-लसूण, त्यावर मटण, चरबीची बाजू वर. मग ते लाल पाणी. पाणी मटणाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच यावं. आपल्याला सवय मटण बुडेपर्यंत पाणी घालायची, त्यामुळे हात थरथरतो. थरथरू द्या. कांदे आणि मटण मिळून दोन तासांत आणखी दोन वाट्या पाणी सोडतात. बुडवलंत तर रस्सा मिळेल, रोस्ट नाही.

गॅसवर एक उकळी आणा, झाकण बसवा, पातेलं ओव्हनात ठेवा. वेळ कागदावर लिहून ठेवा. मी लिहिते, कारण मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि "किती वाजता ठेवलं ग?" हा वाद तासभर चालतो.

अर्ध्या तासाने एकदा, एकदाच, झाकण किंचित उचलून पाहा. रस कडेने एखाद-दुसरा बुडबुडा सोडत असेल तर बरोबर. खदखदत असेल तर १४० वर आणा. अगदी शांत असेल तर १६०. ओटीजीच्या बटणावरचे आकडे अंदाजे असतात, माझा वीस अंशांनी पुढे पळतो. रस काय सांगतो ते ऐका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी शंभरच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. परदेशी पाककृतीत लिहिलेल्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त धरली तर बिघडत नाही.

पातेलं ओढताना कोरडं जाड फडकं घ्या. ओल्या फडक्याने धरलंत तर पाण्याची लगेच वाफ होते आणि हात भाजतो. झाकण उघडताना ते आपल्यापासून लांबच्या बाजूने उचला.

दीड तासाने मटण उलटा. आणि आता लक्ष द्या, कारण नव्वद टक्के घोळ इथे होतात. दीड तासाला मटण सगळ्यात चिवट असतं. काटा टोचलात तर रबरात टोचल्यासारखा लागेल. स्नायू आकसून त्यांनी पाणी सोडलेलं असतं आणि कोलॅजेन अजून पुरतं विरघळलेलं नसतं. माणूस घाबरतो. आच २०० वर नेतो, किंवा तांब्याभर पाणी ओततो, किंवा सरळ कुकरमध्ये टाकतो. मी सुरुवातीच्या एका रोस्टला थंड पाणी ओतलं होतं, तेही दोन वेळा. शेवटी मटण मऊ झालं, पण रस इतका फुळकवणी की त्यात भात बुडवून खावा लागला. दीड तासाला काहीही करायचं नाही. उलटा, झाकण लावा, दार बंद करा, बाहेर जाऊन बसा.

पावणेदोन तासांनी गाजरं आणि बटाटे. गाजराचे तीन-तीन इंचांचे तुकडे, बटाटे अख्खे. मटणाच्या भोवती रसात सारा. सुरुवातीलाच घातले तर शेवटी त्यांचा लगदा उरतो. आपल्याकडच्या लाल मातीतली रताळी हंगामात स्वस्त असतात, बटाट्याऐवजी ती घालून पाहा. रताळं मात्र शेवटच्या चाळीस मिनिटांतच, ते पटकन विरघळतं. त्याची गोडी आणि ब्याडगीचा रंग, हे जमलं की मला तरी मूळच्या बटाट्याचा रोस्ट आठवत नाही.

पावणेतीन तासांनी पहिली परीक्षा. दोन काट्यांनी मटणाचा जाड भाग धरून किंचित पिळा. धागे आपोआप वेगळे होत असतील आणि खांद्याचं चपटं हाड हलवलं की सुटत असेल तर झालं. ओढावं लागत असेल तर पुन्हा झाकण, पुन्हा वीस मिनिटं. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९० ते ९५ अंशांच्या मध्ये दिसेल. घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. एक बोकड दुसऱ्यासारखं नसतं.

"मग कुकर काय वाईट?" असं तुम्ही विचारणारच. वाईट नाही. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे हेच काम पाऊण तासात होतं. पण अख्खा तुकडा बाहेरून फाटतो, आत मात्र तसाच राहतो, आणि रस आटत नाही. शिट्ट्यांचं मटण तुकड्यांचंच चांगलं. आणि कुकरचं भांडं झाकणासकट ओव्हनात ठेवायची कल्पना सुचली असेल तर विसरा. रबरी रिंग, शिट्टी, मुठी, सगळंच बाद होईल.

रस

मटण आणि भाज्या अलगद मोठ्या ताटात काढा, वर झाकण घाला आणि वीस मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात मटण आपला रस थोडा परत ओढून घेतं, आणि लगेच कापलं तर तोच रस ताटात वाहतो.

पातेल्यातला रस गाळा. लसूण आता लोण्यासारखी झालेली असते, ती सालीतून पिळून रसातच घाला. दालचिनी, तमालपत्र, मिरच्यांची सालं फेका. वर तरंगणारं चरबीचं तूप पळीने काढून घ्या. फेकू नका, ते वाटीत भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी अंड्याची पोळी त्यावर करा.

उरलेला रस गॅसवर आटवा. चमच्याच्या पाठीला पातळ लेप बसेल इतपत. मैद्याची गरज नाही, जिलेटिन आणि लसूण मिळून त्याला अंग येतं. फारच पातळ राहिला तर त्यातलाच एक बटाटा कुस्करून मिसळा. मीठ शेवटी चाखा, आधी नाही, कारण आटताना खारटपणा वाढतो. खारट झालाच तर गरम पाणी आणि व्हिनेगरचे चार थेंब.

मटण कापताना धाग्यांच्या आडवं कापा, बोटाएवढे जाड तुकडे. सुरीखाली फुटत असेल तर सरळ काट्याने सोडवा, कुणी नाव ठेवणार नाही.

कशाशी खायचं

बाहेरच्या देशात पावाबरोबर किंवा कुस्करलेल्या बटाट्याबरोबर खातात. इथल्या कॅम्प भागातल्या बेकरीचा पाव आणला तर तो जमतोच. पण आमच्या घरी त्याच्याबरोबर ज्वारीची भाकरी आणि बाजूला कच्चा कांदा, मुळा. उत्तरेकडून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी कडक भाकरी कुस्करून वर गरम रस ओतून खाल्ला आणि दोनदा मागितला. भातावरही चांगला लागतो, पण भात मोकळा हवा. सासूबाई अजूनही ताटाच्या कोपऱ्यात चिमूटभर कांदा-लसूण मसाला घेऊन बसतात. मी बघते आणि न बघितल्यासारखं करते.

उरलं तर जेवणानंतर दोन तासांच्या आत रसासकट फ्रिजमध्ये जायला हवं. तीन दिवस टिकतं. सकाळी उघडलं की रस थरथरणाऱ्या खरवसासारखा जमलेला दिसेल. घाबरू नका, तो जमला म्हणजे तुमचा रोस्ट नीट झाला. गरम करताना पातेलं गॅसवर मंद ठेवा, दोन चमचे पाणी घाला, झाकण लावा. उकळवू नका, नाहीतर धागे कोरडे होतात.

आमच्याकडे सोमवार पाळतात, त्यामुळे रविवारचं उरलेलं मंगळवारी निघतं. धागे सोडवून पावात भरायचे, वर कांद्याच्या पातळ चकत्या, त्या जमलेल्या रसाचा एक चमचा, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी दाबून भाजायचं. मुलगा डबा उघडून वर्गातच वाटून खातो, आणि मग त्याच्या मित्रांच्या आया मला संध्याकाळी फोन करतात, ओव्हन किती लिटरचा म्हणून.